उपवासकाळातले आलुबोंडे

मार्च निम्मा होत आला की गोंदियाच्या कुडव्यात सकाळी एक जड, गोडसर वास येऊ लागतो. वस्तीच्या मागे मोहाची दोन-तीनच झाडे उरली आहेत, पण वास सगळ्या गल्लीला पुरतो. याच दिवसांत दहावीचे पेपर चालू असतात. परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी पालक, पोलीस आणि उसाच्या रसाची गाडी, असे तिघे एकमेकांकडे बघत उभे असतात. आणि याच दिवसांत मंडळीच्या फोनवरच्या ग्रुपवर रोज सकाळी एक ओळ येते: आज संध्याकाळची प्रार्थना अमुक यांच्या घरी. यंदा आमचा नंबर गुरुवारी आहे.

ज्यांना या प्रथेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे ख्रिस्ती माणसाचा उपवासकाळ. कमी खायचे, कमी बोलायचे, स्वतःच्या आत डोकावायचे. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचे सभासद, लहान आहे. उपवासकाळात रविवार सोडून रोज एका घरी सगळे जमतात, सतरंजीवर बसतात. एक गीत, शास्त्रातला एक पाठ, प्रार्थना, शेवटी पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, आशीर्वाद. हेतू साधा होता. दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी थोडा वेळ देवापुढे स्वस्थ बसावे, आणि एकट्याने बसणे जमत नाही म्हणून सगळ्यांनी मिळून बसावे.

खाण्याची सुरुवात पाण्यापासून झाली. गोंदियाचा मार्च उन्हाचा, आलेल्याला पाणी विचारणे ही रीतच आहे. एका वर्षी कोणीतरी पाण्यात लिंबू आणि साखर घातली. पुढच्या घरी सरबताबरोबर चिवडा आला. चिवड्याला उत्तर म्हणून आलुबोंडे आले, आलुबोंड्यांना उत्तर म्हणून गुलाबजाम. एका घरी मुलाला नोकरी लागली होती, तिथे मटर पुलाव आणि रायता झाला. त्या संध्याकाळी पाठ चालू असताना आतून तडक्याचा वास आला आणि वाचणाऱ्याने एकच ओळ दोनदा वाचली. कोणी ठरवून काही वाढवले नव्हते. प्रत्येक घराने फक्त आदल्या घराच्या मागे पडायचे टाळले.

दाऊदकाका मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते उपवासकाळात फक्त आमच्याच मंडळीचे वजन वाढते. हे ते तोंडात आलुबोंडा असताना सांगत.

"तुमचा उपास हाय ना, काका?" कोणी तरी छेडायचे.

"हाय ना जी. घरी उपासच असते. इथं मी पाहुना हाय."

आमच्या शेजारच्या बिसेनकाकू पोवार समाजाच्या. त्यांचे अंगण आणि आमचे अंगण यांच्यामध्ये कंबरेइतकी भिंत आहे. या दिवसांत आमच्या नळाखाली पातेली, परात, उसने आणलेले पेले यांचा ढीग पडला की त्या भिंतीवर हात टेकून उभ्या राहत. "सूनबाई, थोडं समजावून सांग मले," त्या म्हणत. "हा तुमच्या इथं उपास हाय का लगन हाय?"

हा प्रश्न त्या शीलावहिनीला विचारत. शीलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ नोकरीला रायपूरला, महिन्यातून दोनदा घरी. घरात आई, वहिनी आणि मी. माझी नोकरी वृत्तपत्राच्या जिल्हा कार्यालयात, दुपारी जायचे आणि रात्री पाने छपाईला सुटली की यायचे. वहिनी सौंदडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते.

ज्या वर्षाबद्दल हे लिहीत आहे त्याला आता काही वर्षे झाली. त्या वर्षी दहावीचे पेपर आणि उपवासकाळ नेमके एकावर एक आले. वहिनीचा दिवस असा: पहाटे उठून डबे, मग स्कूटरने गोंदिया स्टेशन, तिथून सौंदडपर्यंत गाडी, मग वर्गावर पर्यवेक्षण. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षकाला बसता येत नाही, म्हणून सगळा वेळ उभ्याने. परतीची गाडी, स्कूटर, तोंडावर पाणी, की लगेच ज्याचा नंबर असेल त्याच्या घरी प्रार्थना. तिथे बायका आत हात लावायला जातात, म्हणून तीही आत. घरी आल्यावर रात्रीचा स्वयंपाक आणि तपासायला आलेल्या उत्तरपत्रिका. रविवारी सुटी, म्हणजे चर्च. रविवारी सकाळी ती लहान मुलांचा वर्ग घेई, नंतर उपासनेत गाई, नंतर महिला मंडळाची बैठक. विसाव्याचा म्हणून नेमलेला दिवस आमच्या मंडळीत सर्वांत गजबजलेला असतो. हे मी तक्रार म्हणून नोंदवत नाही. आमच्या कार्यालयातही साप्ताहिक सुटीच्या दिवशीच फोन जास्त वाजतो.

सकाळी स्टेशनवर तिला सोडायला कधी कधी मी जात असे. रस्त्यात ती बोलायची. स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे बोलणे सोपे जात असावे.

"काल प्रार्थनेत माझा डोळा लागला, भाऊजी. सगळे 'आमेन' म्हणाले अन् मी दचकून विचारलं, पुरवणी कोणाला पाहिजे?"

"मग?"

"मग काही नाही. दाऊदकाकांनी हात वर केला."

ती हसली, मीही हसलो. रेल्वे फाटक बंद होते म्हणून आम्ही थांबलो. मालगाडी लांब होती. ती जात असताना वहिनी पुढचे बोलली, आणि गाडीच्या आवाजामुळे मला मान वळवून ऐकावे लागले.

"डोळे मिटले की मला कुकर दिसते. नाही तं उत्तरपत्रिका. देव आहे की नाही ही शंका नाही मला. पण आमची भेटच होत नाही. दोघंही ड्यूटीवर." थोड्या वेळाने म्हणाली, "ईस्टर झालं की मी चर्चमध्ये येणं बंद करीन बहुतेक. कोणाचा राग नाही. पण हे असंच चालायचं असेल तं रविवारी निदान झोपीन तरी."

फाटक उघडले. तिच्या बोलण्यात चीड नव्हती. रजेचा अर्ज देताना माणूस बोलतो तसे ती बोलली होती, आणि ज्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, लग्न झाले, त्याबद्दल बोलत होती.

त्याच आठवड्यात तिने आईकडे मागणी केली. आमचा नंबर जवळ आला होता. ती भाजी निवडत होती, आई तांदूळ पाखडत होती.

"आई, या वर्षी आपला नंबर सोडून देऊ."

"काऊन?"

"किंवा लोकांना बोलवू, पण खायला काही करायचं नाही. गीत, पाठ, प्रार्थना, बस. मलाही बसू द्या एक तास. आपल्याच घरात बसायचं आहे मला. मध्ये उठायचं नाही."

आईने सूप खाली ठेवले. "लोक पानी पिऊन जातीन आपल्या घरून?"

"जाऊ द्या ना."

"तुले माहीत नाही, शीला."

आईला जे माहीत होते ते असे. वडील आजारी होते त्या वर्षी आम्ही नंबर सोडला होता. पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर एका बाईने आईला सहज विचारले, "तुमच्या घरी प्रार्थना बंद झाली म्हणे?" एवढेच. पण आईने ते वाक्य जपून ठेवले. तेव्हापासून नंबर कधी चुकला नाही, आणि आमच्या घरचे आलुबोंडे मंडळीत नावाजले गेले.

वहिनी पाळकसाहेबांकडेही गेली. उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात, कडुलिंबाखाली, ती त्यांच्याशी उभ्याउभ्या बोलली. पाळकसाहेब तरुण होते, गोंदियाला येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी ऐकून घेतले, इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"ताई, माझी शुगर वाढली आहे. डॉक्टरने गोड बंद केलंय आणि मी रोज एका घरी गुलाबजाम खातोय. नाही म्हटलं तर त्या घराला लागतं."

"मग तुम्ही बोला ना मंडळीत."

"माझ्या आधीच्या पाळकांनी बोलून पाहिलं. दोन बहिणींच्या घरचा पाठ घेतला त्यांनी. एक पायाशी बसून ऐकते, दुसरी स्वयंपाकघरात राबते, तो. तुम्ही होता का तेव्हा?"

वहिनी तेव्हा होती, आत, चहा गाळत. त्या संध्याकाळी पाठ संपताच स्वयंपाकघरातून एका बाईचा आवाज आला होता, "मग चहा कोन ठेवीन, साहेब?" सगळे हसले. पाळकही हसले, आणि तो पाठ घरोघरच्या प्रार्थनेत पुन्हा कोणी घेतला नाही. त्या बाईचा प्रश्न खोटा नव्हता. विसाव्यावर जेवढे बोलले जाते त्यात चहा कोण ठेवणार हे बहुधा गृहीत धरलेले असते.

घरी तडजोड झाली. गुलाबजाम नाहीत, फक्त आलुबोंडे आणि चहा. वहिनी लवकरच्या गाडीने येईल, आई बेसन भिजवून ठेवेल. तडजोडीत वहिनीचा तो एक तास नव्हता. तिनेही पुन्हा तो विषय काढला नाही.

आमच्या नंबरच्या दिवशी मी सुटी बदलून घेतली होती. सतरंज्या घातल्या, पंखा पुसला, आईने सांगितले तसे बटाटे धुऊन कुकरमध्ये भरले. आमच्या घराची रचना सांगणे आवश्यक आहे. रस्त्याकडून दार, दारातून थेट बैठकीची खोली, आणि स्वयंपाकघर तिच्या पलीकडे. मधून दुसरी वाट नाही. सतरंजीवर लोक बसले की बाहेरून आलेल्या माणसाला स्वयंपाकघरात जायचे तर त्यांच्यामधूनच जावे लागते.

वहिनीची गाडी मालगाडीला वाट देत मध्ये थांबली. लोक वेळेवर आले. आईचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, म्हणून तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात होती, आणि ती तिथून बाहेरच्या दाराकडे बघत होती. शेवटी तिने मला कुकर मंद आचेवर ठेवायला सांगितले आणि प्रार्थनेला सुरुवात झाली. गीत झाले. पाठ झाला. पाळकसाहेबांनी दाऊदकाकांना प्रार्थना करायला सांगितले.

दाऊदकाकांची प्रार्थना मंडळीत प्रसिद्ध आहे. ते नकाशाप्रमाणे प्रार्थना करतात. सुरुवात ज्या घरी बसले असतील त्या घरापासून, मग गल्ली, कुडवा, गोंदिया, मग तालुक्यामागून तालुका, मग धरणे, उन्हाळी धान, रेल्वेचे कर्मचारी, सीमेवरचे जवान. ते अर्जुनी मोरगावपर्यंत पोहोचले होते तेव्हा दारात वहिनी आली. एका हातात हेल्मेट, काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे होते, आईचेही.

प्रार्थना चालू असताना माणसांमधून कोणी चालत नाही. हा लिहिलेला नियम नाही, पण आमच्याकडे लहान मूलसुद्धा तो पाळते. वहिनीने खोलीच्या पलीकडे आईकडे पाहिले. आईने मान हलवली, म्हणजे थांब. मग वहिनी दारातच, चपलांच्या ढिगाला लागून, भिंतीशी टेकून बसली. गठ्ठा मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. दाऊदकाका धरणांना भरपूर पाणी मागत होते. ते जवानांपर्यंत येईपर्यंत वहिनीची मान एका बाजूला कलली होती.

तिला झोप लागली आहे हे सगळ्यात आधी पाळकसाहेबांच्या लक्षात आले. काकांचे शेवटचे वाक्य संपत आले तसा त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. काकांनी डोळे उघडले, पाळकांच्या नजरेच्या दिशेने पाहिले, आणि इतक्या मोठ्या प्रार्थनेच्या शेवटचे "आमेन" ओठातल्या ओठात म्हटले. बाकीच्यांनी डोळे उघडले, एकेकाने वळून पाहिले. पंखा फिरत होता.

आता कुकरची शिटी होणार हे खोलीतल्या प्रत्येक बाईला कळत होते. वाफेचा आवाज बदलला होता. आई खुर्चीवरून उठली. मला वाटले ती वहिनीला हाक मारेल. तिला तसा हक्क होता, आणि कारणही होते: घरात पंचवीस माणसे, अजून एकही बोंडा तेलात पडलेला नाही, आणि सून दारात झोपलेली. ती खुर्चीच्या पाठीला धरून क्षणभर उभी राहिली. मग वळली, आत गेली आणि गॅस बंद केला. कुकरची वाफ हळूहळू बसली. आई परत येऊन खुर्चीत बसली आणि हात मांडीवर ठेवले. आलेल्या माणसांपुढे ती अशी रिकाम्या हाताने बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्यानंतर मंडळी तशीच बसून राहिली. किती वेळ ते मी पाहिले नाही. कोणी डोळे मिटले होते, कोणाचे उघडे होते. बाहेरून एक दुचाकी गेली. पोळीच्या तव्यासारखा तापलेला दिवस निवत होता आणि दारातून थोडा मोहाचा वास येत होता. आमच्या मंडळीत इतके लोक एकत्र असताना इतकी शांतता पूर्वी फक्त अंत्यविधीला झाली असेल, आणि तिथेही कोणीतरी रडत असते. शेवटी पाळकसाहेबांनी उजवा हात वर केला. आशीर्वादाचे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. लोकांनी माना खाली केल्या.

अडचण चपलांची आली. सगळ्या चपला वहिनीच्या भोवती होत्या. एकेक जण वाकून, दोन बोटांनी आपली जोडी उचलत होता आणि हातात घेऊन रस्त्यापर्यंत अनवाणी जात होता. दाऊदकाकांच्या चपलेवर हेल्मेट होते आणि हेल्मेटवर वहिनीचा हात. काकांनी थोडा वेळ परिस्थिती पाहिली आणि चपलेविना निघाले.

भिंतीपलीकडे बिसेनकाकू उभ्या होत्या. मान खाली, चपला हातात, एक शब्द नाही, अशी माणसे आमच्या घरातून बाहेर पडताना पाहून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि विचारले, "कोन गेलं जी?"

"कोनी नाही," दाऊदकाका कुजबुजले. "सूनबाई झोपली हाय."

"मग तुमी काऊन असे चाल्ले?"

"तिले उठवाचं नाही म्हनून."

काकूंनी आमच्या दाराकडे पाहिले. मग पदर खाली घेतला, आत गेल्या आणि स्वतःच्या घरातला टीव्ही बंद केला.

त्या संध्याकाळनंतर आमच्या मंडळीची प्रथा सुधारली, असे लिहिता आले असते. तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशीच्या घरी छोले-भटुरे होते, आणि दाऊदकाका पहिल्या पंगतीला. एका बाईने आईला विचारलेच, "काल काही केलं नव्हतं का?" आई म्हणाली, "केलं होतं. बटाटे उकडले होते." पण आमच्या घरच्या नंबरला तेव्हापासून काही केले जात नाही. आई आदल्या दिवशी ग्रुपवर स्वतः सांगते: चहा पिऊन या. पाळकसाहेब त्या दिवसाची वाट पाहतात, असे त्यांनीच मला सांगितले. गुरुवारी गीत होईल, पाठ होईल, आणि मग बराच वेळ काही होणार नाही. काही लोकांना ते अवघड जाते, ते खोकतात, घड्याळ पाहतात. काही लोक फक्त त्याच दिवशी येतात.

ईस्टरला वहिनी चर्चमध्ये होती. मुलांचा वर्ग तिने दुसऱ्या कोणाकडे सोपवला होता आणि ती मागच्या बाकावर बसली होती. त्यानंतरही ती येत राहिली. का, हे तिने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. मी जे पाहिले ते एवढेच की ज्या एका तासासाठी ती सगळ्यांना विनवत होती तो शेवटी तिने स्वतःहून घेतला नाही. कोणीतरी आत जाऊन गॅस बंद केला, तेव्हा तो तिच्यापर्यंत आला.

त्या संध्याकाळी ती जागी झाली तेव्हा अंगणात अंधार पडायला लागला होता. मी सतरंज्यांची घडी घालत होतो. तिने डोळे उघडले, रिकाम्या खोलीकडे पाहिले, मग भिंतीला हात लावून ताडकन उठायला लागली. तिच्या शेजारी, चपलांच्या जागी, आई जमिनीवर बसली होती. खुर्चीवरून तिथपर्यंत ती कशी आली आणि खाली कशी बसली हे मी पाहिले नाही.

"आई, लोक?"

"गेले."

"न खाता?"

"हो."

वहिनीने डोक्याला हात लावला. "मला उठवलं काऊन नाही? प्रार्थना?"

"झाली. लई चांगली झाली."

वहिनीचे लक्ष आईच्या मुडपलेल्या पायांकडे गेले.

"तुम्ही खाली कायले बसल्या? गुडघे दुखतील ना. आता उठाल कशा?"

"उठीन," आई म्हणाली. "घाई काय आहे? तू बस."

वहिनी बसली.